तिचा प्रसंग मी एकांकिकेत वापरला, आता माफी कशी मागू?

प्रश्न: ताई, मी कॉलेजच्या एकांकिकेचा लेखक. माझ्या जवळच्या मैत्रिणीने मला एकदा रात्री कट्ट्यावर सांगितलं होतं की तिचे बाबा गेले त्या संध्याकाळी त्यांचे तीन कॉल आले होते आणि रागाच्या भरात तिने मुद्दाम उचलले नाहीत, हे तिने घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही. मी नाव बदललं, गाव बदललं, पण तीन मिस्ड कॉल तसेच ठेवले. प्राथमिक फेरीत त्याच प्रसंगाला जोरदार टाळ्या पडल्या, मला लेखनाचं बक्षीस मिळालं, ती चौथ्या रांगेत होती आणि ब्लॅकआउटमध्येच उठून गेली. मी अकरा मेसेज केले, सगळ्यांवर ब्लू टिक पण रिप्लाय नाही. दहा दिवसांनी फायनल आहे. फायनलच्या आधी तिने माफ करावं यासाठी काय करू?

उत्तर: अरे, तुझ्या प्रश्नात 'फायनलच्या आधी' कशाला आलं? तेच मला खटकलं. तुला माफी हवीय की परवानगी?

आजूबाजूचं उचलून लिहिणं यात काही गैर नाही, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे आणि तेव्हापासून पोरं हॉस्टेलवरचं, घरातलं, मित्रांचं लिहीतच आलीत. पण तू बघितलेलं नाही लिहिलंस, तुझ्यावर भरवसा ठेवून सांगितलेलं लिहिलंस, आणि संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे मैत्रिणीची परवानगी मिळाली असं होत नाही ना. 'नाव बदललं होतं' हे तर तिच्यासमोर चुकूनही बोलू नकोस, ते तीन कॉल कोणाचे हे तिला कळलं तेवढं पुरे आहे.

आधी प्रसंग काढ, माफी नंतर. संहिता पास झालेली असणार, तेव्हा परस्पर काही बदलू नकोस, आयोजकांना रीतसर विचार, आणि ते नाही म्हणाले तर प्रयोग करायचा की नाही हे तुम्हाला ठरवावं लागेल, हो, इतकं. दिग्दर्शक चिडेल, पंधरा जणांची महिनाभराची तालीम आहे, ती बोलणी तू एकट्याने खा. तिचं नाव किंवा कारण ग्रुपवर टाकलंस तर दुसऱ्यांदा तेच केलंस. 'तो प्रसंग माझा नव्हता', एवढंच सांग. आणि कृपा करून स्टेजवरून माफी वगैरे नको, नाटकवाल्यांना ही एक फार वाईट हौस असते.

मग एकच मेसेज कर, कॉमन मित्राला मध्ये न घालता: 'तू विश्वासाने सांगितलेलं मी न विचारता वापरलं. प्रसंग काढलाय. तुला वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तरी चालेल.' त्यात फायनलची तारीख नको. त्यानंतर गप्प बस, ती दोन महिने बोलली नाही तरी.

राहिलं ते प्रसंग काढल्यावर रिकामं होणारं दीड पान. तिथे तुझ्या स्वतःच्या घरातलं, तू कोणालाच न सांगितलेलं काहीतरी लिहून बघ, हात किती अडखळतो ते तुलाच कळेल. आणि ते अकरा मेसेज आता डिलीट करत बसू नकोस, तिने वाचलेत.