मुलगी एसीचं काम शिकायचं म्हणते

प्रश्न: आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतो. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. तिला आयटीआयत फ्रिज-एसीचा ट्रेड घ्यायचा आहे. मी म्हणते, टायपिंग कर आणि कारकून हो. खाण बंद झाली तेव्हा ह्यांचं काम सुटलं, म्हणून घरात एक तरी पक्की नोकरी हवी असं वाटतं. नातेवाईक विचारतात, पोरगी शिडी घेऊन लोकांच्या घरी फिरणार काय? काय करावं?

उत्तर:

ताई, नमस्कार.

२०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी थांबल्यावर ज्या घरांतला पगार गेला, ती घरं 'पक्की नोकरी' म्हणतात त्यात काही चुकीचं नाही. पण तुम्ही कारकुनी म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर सरकारी एलडीसी, म्हणजे लोअर डिव्हिजन क्लार्क, आहे. तिथे मूळ पगारच १९,९०० पासून, वर भत्ते; म्हणून तर एकेका जागेवर अर्जांचा ढीग पडतो. ती जागा मिळेपर्यंत मुलगी बसणार खासगी ऑफिसात: बिलं करायची, टॅलीत नोंदी घालायच्या, फोन घ्यायचे. पाच वर्षांनीही बहुधा तेच टेबल, आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आठवड्याभरात तयार होते. तुलना करायची तर ट्रेडची या नोकरीशी करा.

शिवाय आयटीआय केली म्हणून एलडीसीचं दार बंद होत नाही. त्याला बारावी लागते, ती झाली. कोकणी यावं लागतं, ते येतं. मिनिटाला ३० शब्दांचं टायपिंग संध्याकाळच्या क्लासला काही महिन्यांत बसतं. गोवा कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात आली की तिने अर्ज करावा, खुशाल.

आता शिडीचं. ती चढावी लागेल, हे लपवत नाही. पण हे काम घरोघरच्या स्प्लिट एसीपुरतं नाही. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत हवा ठरावीक तापमानाची आणि गाळलेलीच लागते, मोठ्या हॉटेलांत आणि इस्पितळांत चिलर, म्हणजे अख्खी इमारत थंड ठेवणारी मोठी यंत्रं, चालतात. तिथला टेक्निशियन प्लांट रूममध्ये दाब आणि तापमानाचे आकडे वहीत टिपतो, फिल्टर बदलतो, मोटरचा आवाज बदलला की ओळखतो. किनाऱ्यावर तर खारा वारा बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्या खाऊन टाकतो, त्यामुळे काम बारमाही. कपॅसिटरमध्ये साठून राहिलेला विजेचा चार्ज उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही, तांब्याच्या नळीचं तोंड फाकवताना चीर पडू द्यायची नाही, गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पुरता ओढायचा, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने काढून टाकायची. यात दंडाच्या ताकदीपेक्षा सवय आणि सावधपणा जास्त लागतो. कॉम्प्रेसर उचलायला मात्र दोघं लागतात, मुलगे असले तरी.

खरी अडचण वेगळी आहे. लहान कॉन्ट्रॅक्टर मुलीला घ्यायला कां-कूं करतात, आणि बांधकामाच्या साइटवर बायकांसाठी धड संडासही नसतो. म्हणून मी तिला आयटीआयनंतर कॉन्ट्रॅक्टरकडे न पाठवता मोठ्या कारखान्यात किंवा हॉटेलात अप्रेंटिसशिप करायला सांगेन. तिथे स्टायपेंड मिळतो आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र. ट्रेड दोन वर्षांचा असल्यामुळे पुढे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जायचीही सोय आहे. स्वतःचं काम काढायचा विचार चार-पाच वर्षांनी करावा. गणेशचवथीच्या तोंडावर फ्रिज बंद पडलेल्या घरात एखाद्या बाईमाणसाला आत घेणं पुष्कळांना बरंच वाटेल.

नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. मुलीचा खर्च ते करत नाहीत.

प्रवेशाला दहावीत गणित आणि विज्ञान असावं लागतं, बारावीच्या कॉमर्सने अडत नाही. सत्तरीच्या आयटीआयत हा ट्रेड यंदा आहे का ते विचारा. नसला तर डिचोली, म्हापसा, फर्मागुडी, पणजीला चौकशी करा. मुलीला घेऊन स्वतः वर्कशॉपमध्ये जा आणि इन्स्ट्रक्टरना दोन गोष्टी विचारा: या ट्रेडला आधी मुली होत्या का, आणि त्या आज कुठे कामाला आहेत. त्यांना एखादीचा फोन नंबर तिच्या परवानगीने मागा. तिच्याशी तुम्ही बोला, मुलीला बोलू दे नंतर. आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आत्ताच मामलेदार कचेरीतून काढून ठेवा, तो एलडीसीच्या अर्जालाही लागेल.