प्लॅटिनमला पर्याय शोधताय? आधी टिकाव बघा

भाऊ, विजेने पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजन काढणाऱ्या निकेल-लोह उत्प्रेरकाचा पहिला आलेख देखणा आला म्हणून हुरळू नका. 10 मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर प्रवाहावर तो रात्रभर चालवा, मग द्रावणात किती धातू उतरला ते तपासा. हे द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, आणि त्यात लोहाचे अंश असतातच. ते निकेलमध्ये शिरून काम सुधारतात आणि श्रेय तुमच्या पदार्थाला जातं. म्हणून कोरं निकेलही त्याच द्रावणात चालवून बघा. हायड्रोजनच्या चाचणीत समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा अजिबात नको, ग्राफाइटची कांडी घ्या. विरघळलेलं प्लॅटिनम तुमच्याच नमुन्यावर येऊन बसतं, मग ‘स्वस्त’ धातू भलताच हुशार वाटायला लागतो.

आपल्या नागपुरात आणखी एक भानगड. मे महिन्यात कूलर लावूनही खोली 40 अंशांवर. नेर्न्स्ट उतार, म्हणजे पीएच एकाने बदलला की इलेक्ट्रोडचं व्होल्टेज किती सरकतं ते, 25 अंशांना प्रति पीएच 59 मिलिव्होल्ट, 40 ला 62. पीएच 14 च्या आसपास हा फरक 40 मिलिव्होल्टच्या घरात जातो! सेलला पाण्याचं जॅकेट लावाच.

मँगनीजचा मोह इथे सगळ्यांनाच. मनसरची खाण जवळ आहे ना. पण खनिज थेट वापरू नका, मँगनीजच्या शुद्ध क्षारापासून सुरुवात करा. आम्लात मँगनीज ऑक्साइड बहुधा विरघळतं, त्यामुळे सध्या अल्कलीतच राहा.