करकपात हेच आर्थिक धोरण होऊ शकते का?

प्रश्न : अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष गेली अनेक दशके करकपातीलाच आपल्या अर्थनीतीचा गाभा मानत आला आहे. कर कमी केले की उद्योग व रोजगार वाढतात आणि अखेरीस सरकारी तिजोरीतही अधिक पैसा येतो, हा युक्तिवाद कितपत खरा मानावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे. कराचा दर फारच चढा असेल, तर माणसे उत्पन्न लपवतात किंवा जादा कमाईच्या वाटेला जात नाहीत, आणि अशा वेळी दर उतरवल्याने वसुली वाढू शकते. १९८१ साली रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा प्राप्तिकराचा सर्वोच्च केंद्रीय दर ७० टक्के होता. तरीही मोठ्या करकपातीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना काही कर पुन्हा वाढवावे लागले. मग जेथे दर मुळातच माफक आहे, तेथे हा तर्क कसा टिकावा?

कॅन्सस राज्याने तो अनुभव घेतला आहे. २०१२ साली रिपब्लिकन गव्हर्नर सॅम ब्राऊनबॅक यांनी राज्याच्या प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि ज्या व्यवसायांचा नफा थेट मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो, त्या नफ्यावरील राज्याचा कर पूर्ण माफ केला. अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर त्यांचे सल्लागार होते. पगारदार माणूस कर भरत राहिला आणि तेवढेच कमावणारा व्यवसायमालक त्यातून सुटला. त्यामुळे नवे कारखाने उभारण्यापेक्षा आपले उत्पन्न व्यवसायाच्या नावावर दाखवण्याचे आमिष मोठे ठरले. अपेक्षित भरभराट आली नाही, महसूल मात्र घसरला. २०१४ मध्ये राज्याचे पतमानांकन खाली आले आणि रस्त्यांसाठी राखलेला निधी रोजच्या खर्चाकडे वळवला गेला.

मला सर्वांत अन्यायकारक वाटते ते यापुढचे पाऊल. तूट भरून काढण्यासाठी २०१५ साली विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्क्यांवर नेण्यात आला, आणि कॅन्ससमध्ये हा कर किराणा मालावरही लागू होता. म्हणजे व्यवसायमालकाला दिलेल्या सवलतीचा भार, ज्याची जवळजवळ सगळी मिळकत घरखर्चातच संपते अशा कुटुंबावर पडला. करकपातीची घोषणा करणारे पक्ष हा दुसरा हिशेब मतदारांपुढे क्वचितच मांडतात.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर, इतर सवलती सोडणाऱ्यांसाठी, २२ टक्क्यांवर आणताना सरकारने वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हा अंदाज निदान त्याच वेळी जाहीर केला होता. मतदारांनी प्रत्येक पक्षाकडे असा आकडा मागावा, आणि तो कोणता खर्च कमी करून किंवा कोणाकडून भरून काढला जाईल, हेही विचारावे.

कॅन्ससमध्ये हा प्रश्न अखेर स्वपक्षीयांनीच विचारला. जून २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने ब्राऊनबॅक यांचा नकाराधिकार डावलून ती करकपात बव्हंशी मागे घेतली.