पडद्यावरचा देव आणि पायातल्या वहाणा

शिरोडा, ता. वेंगुर्ला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याला एक सिनेमा दाखवायचा आणि मग 'सिनेमातलं अध्यात्म' यावर चर्चा घ्यायची, ही कल्पना झकास आहे. नाव मात्र बदल. फळ्यावर 'अध्यात्म' दिसलं की अर्धी पोरं जिन्याखालूनच परत फिरतील, आणि जी माणसं वर येतील ती तोंड गंभीर करून बसतील. नुसतं 'सिनेमा आणि गप्पा' लिही.

यादीही वाचली. प्रत्येक सिनेमासमोर तू अर्थ लिहून ठेवला आहेस: नायक म्हणजे जीव, खलनायक म्हणजे माया, पाऊस म्हणजे कृपा. मेहनत दिसते, पण हे कोडं सोडवणं झालं. पोरांना असा तयार अर्थ दिलास तर ती तो वहीत उतरवून घेतील आणि सिनेमा विसरतील. मी सिनेमा बघताना एवढंच बघतो की या गोष्टीत कुणी काय सोडलं आणि सोडायची वेळ आली तेव्हा कोण चिकटून बसलं. देव पडद्यावर दिसतो की नाही, ते नंतर.

'कांतारा' हा कन्नड सिनेमाच घे. तुझ्या यादीत तो पहिला आहे, आणि त्यापुढे तू फक्त 'क्लायमॅक्स' असं लिहिलंयस. २०२२ साली तो आला तेव्हा जो तो शेवटच्या वीस मिनिटांबद्दलच बोलत होता. ऋषभ शेट्टीच्या अंगात गुळिग हे दैवत येतं, ते ओरडतं, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. येणारच. आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या अंगाची, कर्नाटकातल्या तुळू मुलखाची गोष्ट. अंगात येणारा अवसर, गावाचा राखणदार, देवापुढचं गाऱ्हाणं हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण मला विचारशील तर त्या सिनेमातली खरी गोष्ट सुरुवातीलाच संपून जाते, आणि तेव्हा आपण अजून खुर्चीत नीट टेकलेलोही नसतो.

१८४७ सालचा राजा. सगळं आहे, मनाला स्वस्थता नाही. भटकत जंगलात जातो, तिथे दैवताचा दगड दिसतो आणि त्याला वाटतं, हेच हवं होतं. दैवत सांगतं, मी येतो, पण माझी आरोळी जिथवर ऐकू जाईल तिथवरची जमीन या लोकांना दे. राजा देतो. देताना त्याच्या कपाळावर आठी नाही. पुढे १९७० साली त्याचा वारस म्हणतो, जमीन परत द्या. देव घरात हवा, पूजाअर्चा हवी, आणि त्यासाठी मोजलेली किंमतही परत हवी. बाकीचा सगळा सिनेमा, तो म्हशींच्या शर्यतीचा चिखल, ती मारामारी, तो वनखात्याचा अधिकारी, या एका व्यवहारातून निघतो.

आता हे आपल्या गावाला लावून बघ. पणजोबांनी देवाच्या नावाने राई सोडली. कुणी कुऱ्हाड लावायची नाही, सुकं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही. आज पणतू जत्रेत पहिल्या मानासाठी भांडतो आणि सोमवारी सात-बारा घेऊन मोजणीच्या कचेरीत उभा असतो. चर्चेत हे कुणीतरी बोलेलच. तू बोलू नकोस, दुसऱ्या कुणाला बोलू दे.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक थिएटरात चपला काढून बसायचे, पडद्यावर नाणी उधळायचे. ते भाबडे होते का, असं तू विचारतोस. हसण्याआधी आपल्या आरवलीला जाऊन ये. तिथल्या ग्रामदेवासमोर, वेतोबासमोर, चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा नवसाच्या म्हणून ठेवलेल्या असतात. तिथल्या म्हाताऱ्या सांगतात, "देव रातचो गावात फिरता, म्हणान त्येच्यो वहाणो झिजतत." सांगणारीला चामडं म्हणजे काय आणि मूर्ती म्हणजे काय, हे तुझ्यामाझ्याइतकंच कळतं. तरी ती केळ्यांचा घड घेऊन येते.

आणि आपला धयकालो, म्हणजे जत्रेतला दशावताराचा खेळ, आठव. रंग लावायला बसलेल्या माणसाला आपण बिडी ओढताना पाहिलेलं असतं. दिवसा तो रिक्षा चालवतो हे माहीत असतं. हातात लिहिलेलं नाटक नसतं, आख्यान ठरतं आणि संवाद उभ्याउभ्या सुचतात. गणपती पुढे येतो तेव्हा मनगटावरचं घड्याळ काढायचं राहिलंय, हेही पहिल्या रांगेतल्या पोराला दिसतं. तरी पेटी-पखवाज सुरू झाला की मागे बसलेली आजी हात जोडते. खोटं आहे हे ठाऊक असतं आणि तरी आपण नमस्कार करतो. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवलेलं नाही, तो मांडीवर झोपून ते बघत मोठा होतो. त्यामुळे पडद्यापुढे चपला काढणारा मला परका वाटत नाही. उलट दीड तास मोबाइल चाळत सिनेमा बघणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

'संत तुकाराम'चं तर आणखीच पुढे गेलं. १९३६ सालचा प्रभातचा सिनेमा, दामले-फत्तेलाल यांचा. त्यातलं 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं, पण कितीतरी लोक तो तुकोबांचाच अभंग समजत आले. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला तो भाग वेगळा. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की सिनेमातलं गाणं भजनात जाऊन बसलं.

पण हा सिनेमा दाखवशील तेव्हा नजर तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांवरून जरा काढ आणि त्यांच्या बायकोकडे, गौरीबाईंच्या आवलीकडे बघ. पोर तापाने फणफणलंय, नवरा भजनात. ती पोराला ओढत देवळात नेते, हातात वहाण, थेट विठ्ठलावर उगारलेली. तिथे बहुतेक लोक हसतात. तू हसणं थांबेपर्यंत वाट बघ आणि मग विचार, या दोघांत देवाला जास्त जवळचं कोण मानतं? माझं मत विचारलंस तर आवली. ज्याच्यावर हक्क असतो त्याच्यावरच वहाण उगारता येते. तुकोबा वैकुंठाला निघतात आणि ती मागे राहते, पोराबाळांत, चुलीपाशी. तिने काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, यावर बायका बोलू लागल्या तर घड्याळाकडे बघू नकोस.

'दीवार' यादीत नाही, तो घाल. तोही १९७५चाच. जन्मभर देवळाच्या पायरीवर बाहेर बसलेला विजय आई मरणाच्या दारात असताना आत जातो आणि देवाशी भांडतो. सलीम-जावेद यांनी लिहिलेलं ते भांडण मला कित्येक भक्तिपटांतल्या आरत्यांपेक्षा सच्चं वाटतं. 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, साने गुरुजी आपल्या पालगडचे, म्हणून लोक तोच आधी लाव म्हणतील. लाव, पण उशिरा. आपली माणसं त्या सिनेमाला घरूनच रडायचं ठरवून येतात.

दोन ठिकाणी मात्र जपून. पार्श्वसंगीत चढलं की डोळे भरतात. त्याला लगेच अनुभूती म्हणू नकोस. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात पाच रुपयांवरून घासाघीस करताना त्यातलं काही आठवलं, तर आपण पुढचं बोलू. आणि हल्ली देवाचं नाव घेऊन बघणाऱ्याला कुणावर तरी चिडवून घरी पाठवणारे सिनेमे निघतात. शंख वाजतो, भगवं फडफडतं, टाळ्या पडतात, आणि बाहेर पडताना शेजारच्या वाडीतल्या माणसाकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. असला सिनेमा कितीही गाजला तरी मी यादीत घेणार नाही. तूही घेऊ नयेस, पण ते तुझं तू ठरव.

सुरुवात 'किल्ला'ने कर. अविनाश अरुणचा, २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात पोरांच्या ज्युरीने त्याला निवडलं होतं. त्यात ना देव ना कीर्तन. बाप गेलेला, आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेला अकरा वर्षांचा चिन्मय. मित्रांबरोबर किल्ल्यावर जातो आणि मित्र त्याला तिथेच टाकून निघून जातात. वरून पाऊस, समोर समुद्र, आणि कुणी येईल याची खात्री नाही. आपल्या पोरांनी हा पाऊस अंगावर घेतलेला आहे, त्यांना काही समजावू नकोस. दिवा लागल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही एवढा एकच नियम ठेव. मग 'संदेश काय' हा प्रश्न चुकूनही न विचारता 'काय दिसलं' एवढंच विचार. एखादा म्हणेल, भिजलेलं दप्तर दिसलं. तिथून पुढे जा.

एक व्यवहाराचं. सिनेमा चारचौघांत दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. ते काम आधी उरक. दशावताराच्या हंगामात, तुळशीच्या लग्नानंतर, शनिवार धरू नकोस. सगळा गाव जत्रेला जातो, आणि गेलाच पाहिजे. पावसात लाईट जाते, तेव्हा जनरेटरवाल्याशी आधीच बोलून ठेव.

'कांतारा' लावशील त्या दिवशी मला आधी कळव, मी येतो. गावात जमिनीच्या दलालीचं काम करणारे जे आहेत त्यांनाही बोलावणं धाड. पुढच्या रांगेत बसव आणि चहा जरा बरा दे.

तुझे सर