लेकीचं नाव ठरवताना

ताई, नावांच्या याद्या चाळण्याआधी आपल्या खान्देशाकडे बघ. तापी, मुक्ताईनगरची मुक्ता, बहिणाबाईंची बहिणा: छोटी, गोड नावं आहेत. मला स्वतःला मुक्ता फार आवडतं. प्रज्ञा, मृणाल सुंदरच, पण ज्ञ-ण तिकडे इंग्लंडमध्ये हमखास मोडतात; बहिणातही ण आहेच. रोज उच्चार दुरुस्त करायचं ओझं पोरीवर कशाला? नाव इंग्रजीत लिहून तिथल्या शेजारणीला वाचायला दे, आणि धुळ्याच्या आजीला फोनवर हाक मारायला लाव. दोघींच्या तोंडी बसायला हवं.

इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीला ४२ दिवसच मिळतात, म्हणून गावच्या बारशासाठी थांबू नकोस. आत्या कानात नाव नंतर सांगेल. स्पेलिंग मात्र आधीच पक्कं कर. दाखल्यावर असेल तेच पासपोर्टवर येतं.