मंदी आली आणि घरात म्हातारी माणसं वाढली, की कुटुंबाचं आणि सरकारचं गणित कसं बदलतं? आपलंही जपानसारखं होणार का?

मी अर्थतज्ज्ञ नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात छोट्या वर्कशॉपचे हिशेब आणि पीएफची कागदपत्रं बघतो. मंदी मला पगारपत्रकात दिसते आणि म्हातारपण हयातीच्या दाखल्यात. तेवढ्यावरूनच उत्तर देतो.

आधी मंदी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतणारे कारखाने, ट्रॅक्टर, ट्रक, मोटारींचे सुटे भाग ओततात. गाड्यांचा खप घसरला की इथल्या पाळ्या कमी होतात. २००८ च्या शेवटी झालं, २०१९ ला झालं, आणि २०२० ला तर भट्ट्याच थंड पडल्या. अशा वेळी ठेकेदाराकडची पोरं सगळ्यात आधी घरी जातात. कायम कामगाराला काढायचं तर नोटीस लागते, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, शिवाय शेवटी लागलेल्याला आधी काढायचं असा कायद्याचा नियम. त्यामुळे होतं काय, की छप्पन वर्षांचे वडील मशीनवर राहतात आणि पंचविशीतला पोरगा कट्ट्यावर येऊन बसतो. त्याचं लग्न पुढं ढकललं जातं. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा हप्ता वडील भरतात.

मग दोन वर्षांत वडील अठ्ठावन्नचे होतात. इथून पुढं घराचं काय होणार हे वडिलांना कसली पेन्शन आहे त्यावर ठरतं. एकाच गल्लीतली दोन घरं घ्या. एकात आजोबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. त्यांची पेन्शन महागाई भत्त्यासह दरमहा जमा होते, मंदी असो नसो. अशा घरात पोरगा वर्षभर बसला तरी चूल थांबत नाही. उलट नातवाची फी आजोबाच भरतात. दुसऱ्या घरात आजोबा फौंड्रीतले. त्यांना ईपीएस-९५, म्हणजे पीएफबरोबर येणारी खासगी कामगारांची पेन्शन. तिचं सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पण हा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, आणि सप्टेंबर २०१४ आधीच्या नोकरीला तर ६,५०० च. तीस वर्षं लोखंड ओतून हातात येतात ते दोन-तीन हजार. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून तेवढीच. ती ७,५०० करा म्हणून पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत.

खेड्यातली गोष्ट थोडी वेगळी. तिथं पेन्शन नसली तरी म्हैस असते, आणि गोकुळ दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. साठी ओलांडलेली आईच धारा काढते. सरकारी हिशेबात ती 'अवलंबून' आणि तरणा पोरगा 'कमावता'. मंदीच्या वर्षात खरं कोण कोणावर अवलंबून असतं ते डेअरीच्या वहीत बघा.

बँकेतल्या ठेवींचं दुखणं आणखी निराळं. मंदी आली की रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवते, म्हणजे कारखानदाराला कर्ज स्वस्त मिळावं. २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आला. त्याच एप्रिलमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.६ वरून ७.४ झाला. तेव्हा तिथं जास्तीत जास्त १५ लाख ठेवता यायचे. नव्यानं एवढे पैसे ठेवणाऱ्याला महिन्याला दीड हजार कमी मिळायला लागले, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पोरगा घरी बसलेला. धोरण चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली हे कुठल्या बजेटमध्ये लिहिलेलं नसतं.

आता सरकारी योजना. इथं मला खरोखर राग येतो, म्हणून जरा सविस्तर. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन साठ ते एकोणऐंशी वयाला दरमहा २०० रुपये. हा आकडा २००६-०७ चा आहे. राज्याचं श्रावणबाळ अनुदान धरून १,५०० होतात, पण पासष्टी पूर्ण हवी आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, अशी अट चालत आली आहे. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. दुसरीकडं २०२४ मध्ये लाडकी बहीण आली: वय २१ ते ६५, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, रक्कम तीच १,५००. म्हणजे वर्षाला दीड लाख उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला चौसष्टाव्या वर्षी पैसे मिळतात आणि पासष्टी उलटली की बंद. श्रावणबाळला जावं तर उत्पन्नात बसत नाही. जिथं गरज वाढते नेमकं तिथंच दार लागतं. तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या आक्कांना हे समजावणं फार अवघड जातं.

योजना अशा का होतात? ज्याची संघटना त्याची पेन्शन. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि सरकारला बसून बोलावं लागलं. मोलकरीण, हमाल, ठेक्यावरचा मोल्डर (फौंड्रीत साचे करणारा) यांना संप कुणाविरुद्ध करायचा हेच ठाऊक नाही. चांगलंही झालंय, नाही असं नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान या सरकारी आरोग्य विम्याचं पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. बीपी-शुगरची रोजची गोळी आणि पक्षाघातानं पडलेल्या माणसाला कुशीवर वळवणारा हात त्यात येत नाही.

तो हात कुणाचा, तर बहुधा सुनेचा. ती नोकरी सोडते आणि मंदीनं अर्धं झालेलं उत्पन्न आणखी आटतं. आणि सुनाच कमी आहेत. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. ती पिढी आता पंचविशी-तिशीत आहे. पोराला मुलगी मिळत नाही म्हणून फिरणारे आईबाप आणि उद्या त्यांना सांभाळायला घरात माणूस नसणं, या दोन्हीचं मूळ त्या काळच्या गर्भलिंग बघणाऱ्या सोनोग्राफीत आहे.

जपानबद्दल. तिथं आज पासष्टीपुढचे २९ टक्क्यांच्या आसपास आहेत. पण त्यांनी सगळ्यांना पेन्शन आणि आरोग्य विमा १९६१ मध्ये दिला, तेव्हा त्यांच्याकडं हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. २००० साली शुश्रूषेचा वेगळा विमा आणला. चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. आपण २०११ लाच साठीपुढचे ९.९ टक्के होतो (महाराष्ट्राचा आकडा), आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात एका स्त्रीमागे सरासरी मुलं १.७. म्हणजे वय जपानच्या वाटेनं चाललंय, तजवीज मात्र नाही. शुश्रूषेचा विमा आपल्याकडंही यावा असं मला वाटतं, निदान राज्यापुरता. अडचण हप्त्याची आहे. आमच्याकडच्या बऱ्याच चाळिशीच्या कामगारांचा पीएफच मूळ पगार कमी दाखवून कापला जातो, आणि पाळ्या बंद पडल्या की तोही नाही. अशांचा हप्ता मंदीच्या महिन्यांत सरकारनं भरायचा, एवढं कलम त्या कायद्यात पहिल्या दिवसापासून हवं.