वाचक विचारतात : औषध नव्हते, मग क्षयाच्या दवाखान्यात काय करीत?

प्रश्न : दोन महायुद्धांमधल्या काळात इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी क्षयरोगाचे दवाखाने होते. पण क्षयावरचे औषध स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ मध्ये. मग त्याआधी रुग्ण तिथे दर पंधरवड्याला कशासाठी जात?

उत्तर : पंधरवड्याची खेप बहुधा छातीत हवा भरून घेण्याची. फुप्फुस मिटवून ठेवले तर त्यात रोगाने पडलेली पोकळी बंद होते आणि जखम भरते, हा विचार इटलीचे डॉक्टर फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये मांडला होता. काखेखाली दोन बरगड्यांमधली जागा बधिर करून सुई फुप्फुसाच्या दोन आवरणांच्या मधे नेत. नळीने जोडलेल्या दोन बाटल्या असत. एकीतले पाणी दुसरीत उतरले की तिथली हवा छातीत जाई. पण आधी नजर सुईला जोडलेल्या दाबमापकावर. श्वासासरशी त्यातले पाणी शून्याखाली झुलू लागले, तरच सुई जागेवर. झुलले नाही तर हवा सोडायचीच नाही, कारण सुई रक्तवाहिनीत असली तर हवेचा बुडबुडा मेंदूत जाऊन रुग्ण तिथल्या तिथे दगावू शकतो.

पहिल्यांदा दोन-तीनशे घनसेंटीमीटर हवा. ती शरीरात जिरते, म्हणून पुन्हा एक-दोन दिवसांनी, मग आठवड्याने, पुढे दोन-तीन आठवड्यांनी, अशी काही वर्षे. खेपा चुकल्या की फुप्फुस फुगून छातीला चिकटे आणि मग हवेला जागाच उरत नसे. फुप्फुस कितपत मिटलेय ते क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहूनच किती भरायची ते ठरे.

तरी आमच्या मते दवाखान्याचे मोठे काम घरापर्यंत पोचण्याचे. एक रुग्ण सापडला की घरातल्या सगळ्यांना तपासायचे, ही रीत डॉक्टर रॉबर्ट फिलिप यांनी १८८७ पासून एडिंबरात घालून दिली. १९२१ च्या कायद्याने उपचारांची सोय करणे काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांना बंधनकारक झाले. परिचारिका घरी जाऊन पाही : रुग्णाला वेगळी खाट आहे का, खिडकी उघडी असते का, बेडका झाकणाच्या बाटलीतच पडतो का.

बेडका तपासताना काचेवर पातळ थर देऊन कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग ओतत, वाफ येईतो तापवत, आम्लाने धुऊन वर मिथिलिन ब्लू हा निळा रंग देत. निळ्यावर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, दिसल्या की निदान पक्के. न दिसल्या तर मात्र सुटका नाही. पुष्कळदा रुग्ण नुसती लाळ आणून देई, म्हणून सकाळी खोकून काढलेला बेडका पुन्हा मागवत.